शाळा कोणती निवडायची: झेडपीची की खासगी?

कुणी भाकऱ्या थापत असाल, कुणी गोठ्यात असाल. हात चालू द्या, कान तेवढा इकडं द्या.

पाडवा झाला की आपल्या वस्तीवर दोन प्रकारची माणसं फिरायला लागतात. एक आपल्या झेडपीच्या शाळेतले गुरुजी आणि बाई, पटनोंदणीची वही घेऊन. दुसरी तालुक्याच्या इंग्लिश मीडियमची माणसं, रंगीत पत्रकं घेऊन. पत्रकावर टाय लावलेली पोरं, मागं पिवळी गाडी. आणि बरोबर त्याच महिन्यात गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या वाढतात. मागच्या वर्षी आमच्या गटात एका ताईनं वीस हजार मागितले. मुलगा इंग्लिश मीडियमच्या तिसरीत, त्याची फी थकलेली. धाकटी मुलगी झेडपीच्या दुसरीत. एक जण म्हणाली, "शाळेसाठी कसलं कर्ज? आपली शाळा फुकट आहे की." ती ताई गप्प बसली आणि मग म्हणाली, "माझ्यासारखं खुरपं त्याच्या हातात नको."

हे वाक्य मला खोटं वाटत नाही. म्हणून आज कुणाला नावं ठेवायची नाहीत. फक्त पैसे मोजण्याआधी काय तपासायचं, ते बोलू.

आधी एक घोळ मिटवू. "खासगी शाळा" म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. एक अनुदानित शाळा. संस्था खासगी, पण शिक्षकांचा पगार सरकार देतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. तिच्यासारख्या संस्थांची हायस्कूलं खेडोपाडी आहेत, आणि चौथी-सातवीनंतर आपली बहुतेक पोरं तिथंच जातात. तिथं आठवीपर्यंत पुस्तकं मोफत, पोषण आहारही. दुसरी विनाअनुदानित, म्हणजे स्वतःच्या पैशावर चालणारी शाळा. तिथं सगळा खर्च आपल्या फीतून निघतो. पत्रकं वाटणारी असते ती बहुधा ही दुसरी. आजचा प्रश्न झेडपी आणि ही दुसरी यांच्यातला आहे.

आता इंग्रजी. खरं दुखणं इंग्रजीचंच आहे. बाकी टाय-बूट वगैरे वरचं. आई म्हणते, इंग्रजी आलं नाही म्हणून आम्ही मागं राहिलो, पोरांनी राहू नये. अगदी रास्त. पण इंग्रजी शिकणं वेगळं आणि सगळे विषय इंग्रजीतून शिकणं वेगळं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. पुष्कळ झेडपी शाळांत सेमी इंग्रजी आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून. इंग्लिश मीडियममध्ये मात्र परिसर, गणित, सगळंच त्या भाषेत. मूल घरी मराठी बोलतं, अंगणात मराठी खेळतं, आणि वर्गात ज्या भाषेतून बेरीज शिकायची ती भाषाच त्याला अजून यायची असते. बाईंना स्वतःला इंग्रजी नीट बोलता येत असेल तर मूल हळूहळू धरून घेतं. येत नसेल तर फळ्यावरचं वहीत उतरवून पाठ करणं, एवढंच होतं. वही मात्र सुरेख दिसते. लाल बरोबरच्या खुणा, खाली "गुड". आई ती वही पाहून खूश होते, आणि आईला ती वाचता येत नाही हे शाळेला माहीत असतं.

माझाही मुलगा तीन वर्षं अशा शाळेत होता, म्हणून सांगते. त्याला फुलाच्या भागांची इंग्रजी नावं घडाघडा यायची. दारातल्या जास्वंदीपाशी नेलं आणि म्हटलं, दाखव बरं यातलं ते काय ते. तो माझ्याकडं पाहत राहिला.

एवढ्यावरून सगळ्याच खासगी शाळा वाईट असं म्हणू नका. या प्रश्नाचा मोठा अभ्यास आंध्र प्रदेशात झालेला आहे. २००८ पासून चार वर्षं, १८० गावांत. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी तो केला. सरकारी शाळेतल्या मुलांच्या पालकांकडून अर्ज घेतले, चिठ्ठ्या टाकल्या, आणि ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांना खासगी शाळेचा खर्च दिला. चिठ्ठी टाकण्यात एक शहाणपण आहे. एरवी खासगी शाळेत ज्यांच्याकडं थोडे पैसे आहेत आणि ज्यांच्या घरात कुणी शिकलेलं आहे त्यांचीच मुलं जास्त जातात. मग ती हुशार निघाली तर श्रेय शाळेचं की घराचं, कळत नाही. चिठ्ठीनं तो भेद गेला. चार वर्षांनी तपासलं तर तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली. हिंदीत मात्र खासगीतली पुढं होती, कारण सरकारी शाळेत त्या वर्गांना हिंदी जवळपास शिकवतच नव्हते. खासगी शाळांनी तेलुगू-गणिताला वेळ कमी देऊनही मुलं बरोबरीला ठेवली आणि एका मुलामागं खर्चही सरकारपेक्षा पुष्कळ कमी केला, हेही त्यात दिसलं. म्हणजे त्या शाळा आळशी नव्हत्या. पण पालकांना वाटतं तेवढा फरक मात्र पडला नाही.

आणि झेडपीच्या बाजूनं बोलायचं तर तिथंही डोळे मिटून चालणार नाही. "प्रथम" संस्था असर नावाची पाहणी करते. गावोगावी घरी जाऊन मुलांना वाचायला देतात. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या खेड्यांतल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना दुसरीच्या पुस्तकातला साधा उतारा वाचता आला नाही. सरकारी शाळांत हे प्रमाण जास्त, पण खासगीतलीही दहातली चार मुलं अडखळली. फी भरली म्हणून वाचता येतं असं नाही, आणि फुकट आहे म्हणून येत नाही असंही नाही.

तेव्हा शाळेच्या पाटीवरून ठरवू नका, पोरावरून ठरवा. आणि हे तपासायला आपण शिकलेल्या असायला हवं असं मुळीच नाही. मुलाच्या हातात कधी न पाहिलेला कागद द्या. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, लग्नपत्रिका, गटाच्या ठरावाची वही, काहीही. मग म्हणा, वाच. एकेक अक्षर फोडत वाचतंय की सलग, हे कानाला लगेच कळतं. मग म्हणा, यात काय लिहिलंय ते तुझ्या शब्दांत सांग. ही पायरी सोडू नका, खरी गोम इथंच आहे. नंतर हिशेब. दोनशेची नोट दिली, एकशे पस्तीसचा माल घेतला, परत किती? पासष्ट पटकन आलं तर तिसरीच्या पोराचं गणित ठीक चाललंय. इंग्लिश मीडियमच्या मुलाला त्याच्याच पुस्तकातलं पुढचं, अजून न शिकवलेलं पान वाचायला लावा आणि मराठीत अर्थ विचारा. पाठ असलेल्या पानावर परीक्षा घेऊ नका, तिथं सगळीच पोरं पहिली येतात.

आता पैशाचा हिशेब. हे आपल्याला येतं, गट चालवतो आपण. पण शाळेच्या बाबतीत आपण फक्त फीचा आकडा पाहतो. समजा फी वर्षाला १८,००० आहे. गाडीचे महिन्याला ८००, दहा महिन्यांचे ८,०००. पुस्तकं, गणवेश, बूट, गॅदरिंगचा ड्रेस मिळून ५,०००. झाले ३१,०००. खुरपणीची हजेरी ३०० धरली तर शंभरावर दिवस फक्त या एका पोरासाठी वाकायचं. नर्सरी ते दहावी तेरा वर्षं होतात, आणि फी एक रुपयानंही वाढली नाही तरी चार लाखांच्या वर जातं. फी तर वाढतेच. शिवाय घरी अभ्यास घेणारं कुणी नाही म्हणून चौथी-पाचवीत ट्यूशन लागते, ती यात धरलेली नाही. मराठी शाळेतल्या मुलाचा अभ्यास थोरली बहीण घेऊ शकते, आजोबा पाढे म्हणून घेतात. तो फायदा पत्रकावर लिहिलेला नसतो.

आकडे तुमच्या शाळेचे घाला आणि एकच विचारा: हे आठवीपर्यंत झेपेल का? अर्ध्यातून काढावं लागणार असेल तर सुरुवातच करू नये, असं माझं मत आहे. सहावीत इंग्लिश मीडियम सोडून मराठीत आलेल्या पोराची फार ओढाताण होते. मराठी विषय आता सगळ्या शाळांना सक्तीचा आहे, २०२० मध्ये तसा कायदा झाला, पण आठवड्याला थोडे तास मराठी वाचलेल्या मुलाला इतिहासाचा धडा जड जातो.

खासगी शाळेत घालायचंच ठरलं तर आधी शाळेचा यूडायस क्रमांक विचारा. अकरा आकडी असतो. मान्यता असलेल्या शाळेला तो असतोच. "येईल लवकरच" असं उत्तर मिळालं तर निघून या. मान्यतेशिवाय शाळा चालवायला कायद्यानं बंदी आहे, आणि अशा शाळेच्या दाखल्यावर पुढं अडचण येते. पंचायत समितीत शिक्षण विभाग आहे, तिथं अनधिकृत शाळांची यादी मागता येते. शिकवणाऱ्यांचं शिक्षण काय, मागच्या दोन वर्षांत किती जणी सोडून गेल्या, हेही विचारा. जिथं दर दिवाळीनंतर नवी मॅडम येते तिथं मुलाचं काय होणार? प्रवेशासाठी डोनेशन घेणं आणि लहान मुलाची किंवा पालकांची चाचणी घेणं, दोन्हीला शिक्षण हक्क कायद्यात मनाई आहे. पैसे दिले तर पावती घ्या. पावती देत नाहीत ते पैसे कसले, हे ओळखा.

झेडपीची शाळा पाहायची तर आठवड्यातल्या साध्या दिवशी, अकरा वाजता जा. २६ जानेवारीला जाऊन शाळा कळत नाही. किती शिक्षक हजर आहेत? एकच बाई पाच वर्ग घेऊन बसल्यात का? मुलींचं स्वच्छतागृह उघडं आहे की कुलूप लावून ठेवलंय? तिथं पाणी आहे का? खिचडी शिजतेय का? पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागं रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे, हे माहीत असू द्या. झेडपीच्या शिक्षकाची पदविका झालेली असते, पात्रता परीक्षाही लागते. अडचण त्यांच्या शिक्षणाची नसते. जागा भरलेली नाही, बदली झाली, निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, यात दिवस जातो ही अडचण असते. काही गुरुजी कामचुकार असतात हेही खरं, आणि गावाला ते माहीत असतं.

पण चांगली झेडपी शाळा पुण्या-मुंबईजवळच असते असं समजू नका. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी म्हणून लहान गाव आहे. तिथल्या झेडपी शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पुस्तकात क्यूआर कोड घालून मुलांना धडे मोबाइलवर ऐकायला-पाहायला देण्याची कल्पना त्यांनी चालवली, आणि बक्षिसाची निम्मी रक्कम इतर नऊ स्पर्धकांत वाटून टाकली.

पटाचं गणितही समजून घ्या. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक शाळेला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन असं कोष्टक आहे. एकसष्ठावरून तीन मुलं इंग्लिश मीडियमला गेली की एका शिक्षकाची जागा धोक्यात येते. शिक्षक गेले की पालक म्हणतात, आता इथं काय राहिलं, आणि आणखी पाच मुलं जातात. मागं राहतात ती ज्यांच्या आईकडं काहीच नाही त्यांची. मी हे कुणाला अपराधी वाटावं म्हणून सांगत नाही, आपल्या पोराला कुणी गावासाठी पणाला लावू नये. पण शाळा अशी रिकामी होते हे सगळ्यांना ठाऊक असावं.

एक मधली वाट आहे, पंचवीस टक्क्यांची. २००९ च्या कायद्यानं विनाअनुदानित शाळांना सुरुवातीच्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात, त्यांची फी सरकार शाळेला देतं. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग आणि दिव्यांग मुलांना जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना वर्षाला एक लाखाच्या आतला तहसीलदारांचा दाखला. अर्ज ऑनलाइन, फुकट, आणि प्रवेश सोडतीनं. २०२४ मध्ये सरकारनं, जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट देणारा नियम आणला होता, तो मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केला. तेव्हा हक्क शाबूत आहे. चुका कुठं होतात? नकाशावर घराची खूण चुकीच्या जागी लावली जाते. दाखला सोडतीनंतर काढायला धावतात. मोबाइलवर मेसेज येईल म्हणून बसून राहतात आणि मुदत टळते. सोडत लागली की संकेतस्थळावर स्वतः पाहायचं, किंवा गटातल्या शिकलेल्या मुलीला बसवायचं. आणि हे लक्षात ठेवा, या जागा फक्त सुरुवातीच्या वर्गाला असतात आणि सवलत आठवीपर्यंतच. नववीला पूर्ण फी समोर येते, त्याची तजवीज आधीच हवी.

दोन परीक्षांचं फार कमी जणींना माहीत असतं. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. पण ती सरकारी, झेडपी, पालिका आणि अनुदानित शाळेतल्याच मुलांना देता येते, विनाअनुदानितल्या मुलांना नाही. दुसरी नवोदय. सहावी ते बारावी राहणं-खाणं-शिकणं मोफत, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. मात्र ग्रामीण जागेवर बसायचं तर तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत शिकलेलं लागतं. पिवळ्या गाडीत बसून नगरपालिकेच्या हद्दीतल्या शाळेत गेलेलं आपलं पोर राहायला खेड्यात असलं तरी शहरी धरलं जातं. हे पत्रक वाटणारा सांगत नाही.

आणखी एक बोलायचंय, थोडं कडू आहे. मुलगा गाडीत, मुलगी पायी. किती घरांत असं आहे ते हात वर करून सांगायची गरज नाही. आपण म्हणतो, पैसे एकाचेच होते. मग त्या एकाचं नाव ठरवताना दोघांना वाचायला बसवलं होतं का? मुलीच्या बाबतीत पाचवीपासून बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे, तो काढला का?

शाळा बदलायची वेळ आली तर घाबरू नका. दाखला मागितला की मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला मूल नाकारता येत नाही. फी थकली म्हणून पोराला वर्गाबाहेर उभं करणं हा मानसिक छळ आहे, कायद्यात त्याला बंदी आहे. तोंडी भांडू नका, अर्ज द्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं, आणि पोच घ्या.

आता त्या ताईचं. बैठक संपल्यावर आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो. दोन्ही पोरांपुढं गटाची वही ठेवली. मुलगी दुसरीतली, तिनं मागच्या ठरावाचा मजकूर थांबत थांबत पण अर्थासकट वाचला. मुलाला मराठी अडखळत आलं, पण हिशेब त्यानं चोख केला आणि इंग्रजी पुस्तकाचं नवं पानही अर्थ सांगत वाचून दाखवलं. म्हणजे त्याची शाळा शिकवते. आणि आमच्या झेडपीत तेव्हा दुसऱ्या शिक्षकाची जागा पाच महिने रिकामी होती. मुलाला तिथंच ठेवायचं ठरलं. गटानं वीस नाही, बारा हजार दिले, थकलेल्या फीचे. गाडी बंद केली, तो काकाच्या मोटारसायकलवर जातो. मुलीसाठी ताईनं वेगळं काम धरलं. झेडपीच्या शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणहून कमी नाही इतके सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. जूनच्या पालकसभेत तिनं नाव दिलं आणि निवडून आली. पहिल्याच मासिक सभेत रिकाम्या जागेचा ठराव लिहायला लावला, प्रत घेतली, आणि आम्ही सात जणी ती घेऊन पंचायत समितीत गेलो. तीन खेपा झाल्या. दिवाळीनंतर दुसऱ्या बाई हजर झाल्या.